विषय : सर्व क्षेम

लॅपटॉप हा शब्द माझ्या कानावर पडला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, आणि शब्दापाठोपाठ ती वस्तूच मांडीवर येऊन बसली. "सिस्टर, हे आता तुमचं," एवढंच डॉक्टर म्हणाले. परदेशात काही वर्षं काढून इंदूरला परतलेले हे डॉक्टर पेशंटच्या घरी नर्स पाठवण्याची एक लहानशी सेवा चालवत. सियागंजाच्या मागे दोन खोल्यांचं ऑफिस, आम्ही चार नर्सेस आणि लॅपटॉप एकच. बाकीच्या तिघींनी आधीच कानावर हात ठेवले होते. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार, आणि त्यावर कोणत्याच डॉक्टरकडे औषध नाही.

त्याच्याही आधी मी मिलच्या डिस्पेन्सरीत होते. बोटं कापलेली, डोळ्यांत कापूस गेलेली, खोकून बेजार झालेली माणसं दिवसभर यायची. मिल बंद पडली त्या आठवड्यात डिस्पेन्सरीलाही कुलूप लागलं. बाहेर मात्र सगळं उघडत होतं. नवी नर्सिंग होम, कॉम्प्यूटर क्लास, कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे. लोक म्हणायचे, आता बघा इंदूर कुठल्या कुठे जातं ते. इंदूर गेलं असेल; मी परदेशीपुऱ्यातल्या माझ्या एका खोलीतच राहिले. आई-वडील गेले होते, भाऊ नोकरीसाठी पुण्याला जाऊन तिकडचाच झाला होता, आणि लग्नाचं वय मी ड्यूटीच्या वेळापत्रकात कुठे हरवलं ते मलाही आठवत नाही.

मधली काही वर्षं एका नर्सिंग होममध्ये काढली. तिथे पाळी बदलताना आम्ही 'चार्ज' द्यायचो. म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला घेऊन खाटेखाटेपाशी थांबायचं आणि सांगायचं : ह्यांनी दुपारी खाल्लं नाही, ह्यांची लघवी कमी झालीय, ह्या बाई झोपल्याचं सोंग करतात, रडत असतात. दुसरी ऐकायची आणि मध्येच "मग?" म्हणायची. त्या 'मग?'मुळे पुष्कळदा विसरलेलं आठवायचं. लॅपटॉपला चार्ज द्यायला लागल्यावर ते गेलं. नाडी, रक्तदाब, वजन, सूज, सगळ्याला चौकोन होते. चौकोन भरले की तो हिरवी खूण दाखवून गप्प बसायचा. दिवसभर पाच घरं फिरून संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना लक्षात यायचं, आज मला कुणी 'मग?' म्हटलेलं नाही. ह्याचं मला फार वाईट वाटायचं. यंत्रावर चिडून काय उपयोग, म्हणून मी टेम्पोवाल्यांवर चिडायची.

त्या पाच घरांतलं एक घर बाबूजींचं. ते मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला होते, आणि अख्खी मिल त्यांना बाबूजीच म्हणायची, म्हणून मीही. मिल बंद झाल्यावर त्यांनी सांवेर रोडच्या एका कारखान्यात गेटवर काही वर्षं काढली. मग हृदय थकलं. पत्नी गेलेली, एकुलता एक मुलगा अमेरिकेत कॉम्प्यूटरच्या नोकरीत. शेजारच्या बाई दोन वेळा डबा आणून द्यायच्या. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार जायची. वजन करायचं, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायचं, औषधं मोजायची. ह्या आजारात वजनकाट्याइतका खरं बोलणारा दुसरा कुणी नाही. दोन दिवसांत वजन वाढलं तर ती चरबी नसते, ते पाणी असतं, आणि पाणी छातीत चढायला वेळ लागत नाही.

मुलानेच आमच्या सेवेत त्यांचं नाव घातलं होतं. पहिल्या आठवड्यात मी तिथे असताना त्याचा फोन आला. बाबूजींनी "एकदम बढिया, काही टेन्शन नको घेऊ" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

"सिस्टर," तो म्हणाला, "बाबा मला सही काय ते कधीच सांगत नाहीत. आईच्या वेळेलाही नाही सांगितलं. तुम्ही दर बुधवारी मला मेल करा. जे आहे ते लिहा, बिल्कुल घाबरू नका."

"लिहीन," मी म्हणाले.

"ऑफिसात फोन नाही उचलता येत. मेल मी बघतोच."

एवढं साधं काम होतं. बुधवारी तपासणी झाली की बाबूजींच्या फोनची वायर काढून मी लॅपटॉपला जोडायची. आतून किरकिर, घरघर, मग शिट्टी. बाबूजी खूश व्हायचे. "चलो, लागली मिल," म्हणायचे, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. मी एका बोटाने टाइप करायची आणि ते सांगायचे.

"आधी क्षेम घाला."

"बाबूजी, त्याने खरं लिहायला सांगितलंय."

"खरं लिहा ना, मी कुठे ना म्हणतोय! पण क्षेम आधी. बिना क्षेमाचं पत्र कधी येतं, माहिती आहे ना?"

माहिती होतं. आमच्या घरांत दूरच्या माणसाला लिहिताना पहिली ओळ 'इकडे सर्व क्षेम' हीच असते. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असो, छप्पर गळत असो, आधी क्षेम, मग तुमचं कसं, मग पाऊसपाणी, आणि तिसऱ्या परिच्छेदात जे असेल ते. क्षेम न लिहिता सुरू झालेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचं पत्र. तशा कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, आणि पोस्टमनच्या हातात ते दिसलं की आई दारातच मटकन बसायची. जिवंत माणसाबद्दल तसं लिहिणं म्हणजे त्याच्या मरणाला आवतण. मी शिकलेली नर्स, असल्या गोष्टी मानत नाही असं सगळ्यांना सांगते. पण हात मानतो.

मेलमध्ये मजकुराच्या वर 'विषय' म्हणून एक चौकोन असतो. तो रिकामा ठेवला की लॅपटॉप दर वेळी अडवून विचारायचा. तिथे काय लिहायचं हे आम्हाला दोघांनाही कळेना. शेवटी बाबूजींनीच तोडगा काढला : "पत्राच्या माथ्यावर काय असतं? तेच घाला." तेव्हापासून आमच्या प्रत्येक मेलचा विषय 'सर्व क्षेम' असा असायचा.

खाली मात्र मी सगळं खरं लिहायची. खोटं कशाला बोलू, मला ते लिहिणं आवडायला लागलं होतं. वजन, सूज, औषधं एवढ्यावर मी थांबायची नाही. बाबूजी जिना चढताना कितव्या पायरीला थांबले, शेजारच्या बाईंच्या भाजीला काय नावं ठेवली, बंद मिलच्या फाटकासमोरून रिक्षा वळवून कशी घेतली, सगळं. आठवडाभरात कुणाला न सांगितलेलं त्या पत्रात जायचं. उत्तर एका ओळीचं यायचं : 'थँक यू सिस्टर, वाचून बरं वाटलं.' त्या एका ओळीवर माझा आठवडा जायचा. हसू येतं आता, पण तेव्हा यायचं नाही.

मग तो बुधवार आला. उन्हाळा संपत आला होता. रात्री खुर्चीत बसूनच झोपलो, बाबूजी म्हणाले. आडवं झालं की श्वास लागत होता. घोट्यावर दाबलेला अंगठा उचलला तर खड्डा तसाच. सोमवारपेक्षा वजन तीन किलो जास्त. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लघवीचं इंजेक्शन द्यायला सांगितलं आणि म्हणाले, आजच भरती करा.

"नाही," बाबूजी म्हणाले. "मुलगा येऊ दे. तो आल्यावर तो म्हणेल तिथे जाईन."

"त्याला यायला दोन दिवस लागतील."

"तर मग लागू दे. बायकोला एकट्याने नेलं होतं हो, सिस्टर. परत आणलं तेही एकट्यानेच. ह्या वेळेस नाही."

मी समजावलं, रागावले, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. ते ऐकणारे नव्हते. म्हणजे सगळं आता एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं : मुलाने निघायला हवं होतं, आणि त्याला ते मी कळवायचं होतं.

त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली नाही. "तुम्हीच लिहा," म्हणाले आणि डोळे मिटले. मी वायर जोडली. विषयाच्या चौकोनात बोटाने सवयीने 'सर्व क्षेम' उमटवलं. पहिली ओळ, नमस्कार, इकडे सर्व क्षेम. दुसरी, आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा. मग वजन, श्वास, डॉक्टरांचं म्हणणं, बाबूजींचा हट्ट, आणि शेवटी : 'मिळेल त्या विमानाने या. ते तुमच्यासाठी थांबले आहेत.' दोनदा वाचून पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता. मला माझ्या पत्राचा अभिमानच वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते. चौकोन कोरा ठेवला असता, नुसतं 'लवकर या' लिहिलं असतं, तरी भागलं असतं. माझ्या ते मनातही आलं नाही.

गुरुवारी माझी त्या घरची पाळी नव्हती, तरी गेले. इंजेक्शनने थोडी लघवी झाली होती, श्वास जरा हलका होता. वायर जोडून पाहिलं, उत्तर नव्हतं.

"काय म्हणतो?"

"उत्तर नाही आलं. निघाले असतील, म्हणून नसेल आलं."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही, माझी तशी खात्रीच होती. ते पत्र वाचून कोण निघणार नाही? आणि निघालेला माणूस विमानातून उत्तर कसं देणार? त्याचा नंबर ऑफिसच्या फाइलमध्ये होता. बाबूजींच्या फोनवरून परदेशी लागत नसे, पण समोरच्या पीसीओतून मी फोन करू शकले असते. नातेवाइकांना परस्पर फोन करायचा नाही असा आमच्याकडे नियम होता, पण त्या नियमामागे लपण्यात अर्थ नाही. गरजच वाटली नव्हती.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला बाबूजी गेले. मी त्यांच्या पाठीशी उशी लावत होते. डॉक्टर येऊन गेले, शेजारच्या बाई आल्या, आणि मी पीसीओत जाऊन तो नंबर फिरवला. तिकडे पहाट होती. तीन-चार वेळा घंटी वाजल्यावर त्याने स्वतःच उचलला. झोपेतला आवाज. तो घरीच होता.

मी सांगितलं. मग तो म्हणाला, "पण सिस्टर, बुधवारी तर तुमचं 'सर्व क्षेम' आलं होतं."

तो रविवारी पोचला. सगळं उरकलं होतं. अग्नी त्याच्या गावातल्या चुलतभावाने दिला. सोमवारी मला निरोप आला म्हणून मी गेले. तो बाबूजींच्या खुर्चीत बसला होता आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा होता. माझी सगळी पत्रं त्याने छापून आणली होती.

"रोजचे शंभर मेल असतात," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "वरचं बघायचो, क्षेम आहे म्हटल्यावर बाकीचं रविवारी वाचू म्हणायचो. दोन-चार वाचलीही. बाकीची विमानात वाचली. सगळी. तुम्ही किती लिहिलंय, सिस्टर."

मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही, क्षणभर. इतके महिने मी भिंतीशीच बोलत होते तर. मग त्याचा चेहरा बघितला आणि राग टिकला नाही. पत्र त्याने उघडलं नाही हे खरं, पण वरची चिठ्ठी मीच चिकटवली होती.

त्याने शेवटचं पत्र वर काढलं. "इथे लिहिलंय, ते तुमच्यासाठी थांबले आहेत." त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "खरंच वाट बघत होते का?"

"नाही हो," मी म्हणाले. "बुधवारनंतर त्यांना फारसं भानच नव्हतं."

त्याने डोळे पुसले, मान हलवली. त्याला ते पटलं. कागद नीट जुळवून पिशवीत ठेवले आणि मला चहा विचारला.

बाबूजींना शेवटपर्यंत पुरतं भान होतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली. हनुवटीखाली राहिलेले दोन केस बोटाने दाखवले, धुतलेला सदरा मागितला, आणि म्हणाले, "अंघोळीचं पाणी त्याच्यासाठी ठेवा हो, प्रवासातून येईल." मी बादली भरून ठेवली होती. तो आला तेव्हा ती तशीच भरलेली होती, शेजारच्या बाईंनी सांगितलं, आणि त्याने ती कुणासाठी आहे हे न विचारता वापरली.