जनेल नसलेली खोली

"बिचारी! तेंका जनेल नसलेली खोली गावल्या. आमच्याच बाल्कनीत येवन बसतली, आनी काय?"

मामी शेजारणीला सांगत होती. त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि आई आणि मी मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर पाय धूत होतो. पेडण्याच्या बसमधून उतरून आम्ही शेतातल्या वाटेनं आलो होतो, म्हणून मागच्या दारानं. पुढच्या दारानं आलो असतो तर मामीनं लांबूनच ओळखून हाक मारली असती आणि हे आमच्या कानांवर पडलं नसतं.

"बसूंदेत बापडी," मामी पुढं म्हणाली. "आमका काय जड जाता?"

तिच्या बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईच्या हातात तांब्या होता. तिनं उजव्या पायावर पाणी ओतलं, डाव्यावर ओतलं, मग पुन्हा उजव्यावर. मी नळाकडे बघत राहिले. मग आई मोठ्यानं खाकरली, "वयनी, आसस मगे घरात?" असं ओरडली आणि हसत हसत आत गेली. ते हसू तिनं कुठून काढलं, मला कळलं नाही. मी पायांत चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि तिच्या मागून गेले.

जनेल म्हणजे खिडकी. आमच्याकडे हा पोर्तुगीज शब्दच चालतो. आणि खोली म्हणजे बोटीवरची केबिन.

दुबईत नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावानं मामा-मामीसाठी क्रूझची सहल ठरवली होती. मुरगाव बंदरातून निघायचं, समुद्रात काही दिवस राहून परत यायचं. ठरल्यावर उत्साहाच्या भरात त्यानं आईला फोन केला, "आत्या, तुमीय चला." आई तोपर्यंत डिचोली सोडून कुठं फारशी गेली नव्हती. पेडण्याला माहेरी यायचं, तेवढाच तिचा प्रवास. ती फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. मी म्हटलं, जाऊया.

माझ्या पगारात आतली केबिन बसली. आतली म्हणजे बोटीच्या पोटातली. मी आई-बाबांना फोनवर तिचं चित्र दाखवलं. पलंगापलीकडच्या भिंतीवर छान निळा पडदा होता. आईनं विचारलं, पडद्यामागं काय? मी म्हटलं, भिंत.

"मगे पडदो कित्याक?" बाबा हसले. खाणीच्या वर्कशॉपात त्यांनी आयुष्य काढलं होतं, असल्या गोष्टींची त्यांना गंमत वाटायची. "डोळे मिटून न्हिदूक जनेल कित्याक व्हया?"

आई हसली नाही. "वयनीक बाल्कनी आसा मगे?" एवढंच तिनं विचारलं.

होती. मामेभावानं बाल्कनीची केबिन घेतली होती, दोन खुर्च्या आणि समोर समुद्र.

बुकिंगनंतर कंपनीचा मेल आला. केबिन कोणती ते आयत्या वेळी कळेल, आणि जागा रिकामी राहिली तर त्याच पैशांत वरच्या दर्जाची केबिन मिळू शकेल, असं त्यात होतं. मी तो आईला मराठीत सांगितला आणि लगेच पस्तावले. कारण त्या दिवसापासून मी कामावरून आले की आई पाण्याचा पेला देता देता विचारायची, "इला?" मी म्हणायची, नाही. ती म्हणायची, "येतला." जसं काही तिनंच ते ठरवून ठेवलं होतं.

माझं तरी वेगळं काय चाललं होतं? जेवणाच्या सुट्टीत मी परक्या लोकांचे व्हिडिओ बघायची. केबिन बदलून कशी घ्यावी, काउंटरवर काय बोलावं, कसं हसावं, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून कसं सांगावं. मी कंपनीला मेल लिहायला घ्यायची, दोन ओळी लिहायची आणि पुसून टाकायची. मागायला मला जमत नाही. हॉटेलात पाणी हवं असलं तरी मी वेटरची नजर आपल्याकडे वळायची वाट बघते. शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं की न मागता मिळेल त्यात समाधान मानावं. मी ते मानायची. फक्त समाधान कधी व्हायचं नाही.

आणि आईला खिडकी का हवी होती, ते मला ठाऊक होतं. मामीच्या बरोबरीचं व्हायचं, हे त्यातलं अर्धंच. डिचोलीतलं आमचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. माझ्या लहानपणी दिवसभर ट्रक जायचे. तांबडी धूळ भातात यायची, अंथरुणात यायची, माझ्या गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर बसायची. आईनं पुढच्या सगळ्या खिडक्या बंद करून फटींत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबल्या होत्या. आम्ही दिवसाही दिवा लावून बसायचो. पुढं खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, बाबा घरी बसले. तेव्हा आई एकदा हातोडी घेऊन खिडकी उघडायला गेली, तर बिजागऱ्या गंजून गच्च झालेल्या. बाबा म्हणाले, सुतार आणूया. सुतार आला नाही. एका खिडकीतली चिंधी अजून तशीच आहे.

तर त्या दिवशी मामीकडे जेवणं झाली. मामीनं आग्रह करकरून वाढलं. "खा गे बाय, बोटीर आमचा असला हुमण गावचा नाय," असं मला म्हणाली आणि "तुझ्या आवशीक मधलो तुकडो व्हयो," म्हणत आईच्या ताटात हुमणातल्या बांगड्याचा मधला तुकडा घातला. आई कौतुकानं खात होती. मी भात कालवत बसले. मामीला कळलं नव्हतं की आम्ही ऐकलं आहे. मला वाटत होतं, ते माझ्या तोंडावर लिहिलेलं आहे.

दुपारी भांडी पुसताना आई हळूच म्हणाली, "फाल्यां देवळात वचया. कौल लावया."

"कशाचा?"

"कशाचो म्हणजे? खोलयेचो."

कौल म्हणजे देवाला विचारणं. भटजी मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि आपला प्रश्न गाऱ्हाणं म्हणून देवाला घालतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आमच्याकडे लग्न, घर, जमीन, दुखणं, सगळं असं विचारलं जातं. यात लपवाछपवी नसते. गाऱ्हाणं मोठ्यानं घालतात, आणि सभामंडपात जे कोणी असतील ते प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. आपली अडचण सगळ्या गावाच्या तोंडून देवापर्यंत जाते.

म्हणजे आमची केबिनही जाणार होती.

मी आईला इंग्रजीतून उत्तर दिलं. काहीतरी म्हणाले, देवाला दुसरी कामं नाहीत का, अशा अर्थाचं. राग आला की माझ्या तोंडात इंग्रजी येतं. आईला ते कळत नाही, आणि तिला कळत नाही म्हणूनच येतं. आईनं पुसलेलं ताट पुन्हा पुसलं आणि म्हणाली, "नारळ वयनीकडसून घेवया."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीही निघाली. मला वाटलं होतं ती घरी राहील. "मीय येतंय, फुलां दिवची आसत," म्हणून परडी घेऊन ती आमच्या पुढं चालू लागली. वाटेत तिनं माझ्याकडे बघत आईला दोनदा विचारलं, "प्रश्न कसलो गे? चेडवाच्या लग्नाचो?" आईनं दोन्ही वेळा, "असोच," म्हणून विषय टाळला.

देऊळ मोपाच्या सड्याच्या, म्हणजे पठाराच्या, पायथ्याशी आहे. वर विमानतळ झाल्यापासून देवळात एक नवीन पद्धत पडली आहे. विमान डोक्यावरून जायला लागलं की भटजी हात वर करतात आणि गाऱ्हाणं थांबतं. आवाज पूर्ण गेल्यावर पुन्हा सुरू. विमानाच्या हादऱ्यानं पाकळी पडली तर तो देवाचा कौल की पायलटचा, असं एकदा कोणीतरी विचारलं होतं म्हणे.

आमच्या आधी एक म्हातारा होता. त्याची म्हैस हरवली होती. पूर्वेकडे शोधू की पश्चिमेकडे, असं त्यानं विचारलं आणि पूर्वेचा कौल मिळताच तो प्रसादालाही न थांबता निघाला. "अरे, चपला तरी घाल!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसले. मला जरा धीर आला. म्हशीचं चालतं तर आमचंही चालेल.

मग एक बाई पुढं झाली. माझ्याहून थोडीच मोठी असेल. दोडामार्गाकडची, नवरा ट्रकवर ड्रायव्हर. तिच्या कडेवर मुलगी होती, तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, सासू म्हणते डोक्याला सुरी लावू नका. भटजींनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा तू ऐक, आनी ह्या लेकराक ऐकू येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

ती मुलगी भोवतालची हलणारी तोंडं बघत होती. पाकळी पडेना. भटजींनी पुन्हा घातलं. आम्ही पुन्हा म्हटलं. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा आवाज मला माझ्याच कानांत मोठा वाटला, इतक्या मोठ्यानं मी कधी देवळात बोलले नव्हते. शेवटी उजवीकडची पाकळी पडली. सगळ्या मंडपानं श्वास सोडला. बाई मुलीला घेऊन खांबाशी बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"पुढें कोण?"

पुढं आम्ही होतो.

मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. आई नारळ घेऊन पुढं झाली. भटजींनी तिला ओळखलं. "अगो, गावची चेडू मगे तू! ये ये." त्यांनी नव्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीला लावल्या. "सांग, कसलो प्रश्न?"

आईनं तोंड उघडलं. मग तिनं मागं बघितलं. खांबाजवळच्या मुलीकडे बघितलं, मामीकडे बघितलं. मामी उत्सुकतेनं पुढं वाकली होती.

"कांय नाय," आई म्हणाली. "सगळ्यांक सुखी ठेव म्हणान सांगा."

"तेका पाकळी कित्याक? तेका नुसतो नारळ पुरो." मंडपात हसू उसळलं. "पाकळी लायल्या गे बाय. आता प्रश्न व्हयो. देवाक उबो करून ठेवूक जायत काय?"

"सांग गे सांग, लजतंस कित्याक?" मामी म्हणाली. "हंय सगळी आपलीच मगे."

आईनं मान खाली घातली. ती डाव्या पायाच्या अंगठ्यानं उजवं पाऊल चोळत राहिली. कालच्यासारखंच. जो पाय धुऊन झाला होता, तोच.

सकाळपासून मी मनात एकच म्हणत होते, की आईनं ते बोलू नये. आता ती बोलत नव्हती. माझ्या मनासारखं झालं होतं. आम्ही नारळ देऊन घरी जाणार, मामीच्या बाल्कनीत खुर्चीच्या कडेला बसून समुद्र बघणार, आणि आई तिथंही हसणार. काल ते हसू कुठून आलं, ते मला आत्ता कळलं. तिच्याकडे त्याचा साठाच होता.

तेवढ्यात विमान आलं. भटजींनी हात वर केला. आवाज सड्यावरून खाली उतरला, कौलांवर आला, समया थरथरल्या. मला वाटलं, आत्ताच बोलून टाकावं. या आवाजात कोणालाही ऐकू जाणार नाही, देवाला गेलं तर गेलं. मी पुढं होऊन आईच्या शेजारी उभी राहिले. तोंडही उघडलं. पण भटजी हात वर धरून माझ्याकडेच बघत होते, थांब, थांब, म्हणून.

मी थांबले. विमान गेलं. मंडपात इतकं शांत झालं की परडीतली फुलं सारखी करणाऱ्या मामीच्या बांगड्या ऐकू आल्या. आता मी बोलले तर मामीला कळणार होतं की काल मागच्या दारी आम्ही होतो. त्या बाईला कळणार होतं की तिच्या मुलीच्या कानांनंतर आम्ही काय मागायला आलो आहोत. माझे कान तापले. भटजींनी हात खाली घेतला.

"बोटीर आमका गावल्या ती खोली जनेल नसलेली आसा," मी म्हटलं. "माझ्या आवशीक जनेल व्हया, म्हाराजा."