राख हलता कामा नये

पहिल्यांदा श्वास अडकला तेव्हा मी भाकऱ्या भाजत होते. एक तव्यावर, एक हातात, आणि एकदम वाटलं छातीवर कोणी पाटा ठेवलाय. श्वास घ्यावा तर गळ्यापर्यंतच, खाली उतरेचना. तोंड उघडून घेतला तरी तेच. बोटं बधिर, ओठांना मुंग्या. पाच महिन्यांची मुलगी झोळीत निजली होती. तव्यावरची भाकरी जळून गेली आणि मी चौकट धरून उभी. थोड्या वेळाने आपोआप सुटलं. भाकरी गुपचूप केरात टाकली आणि कोणाला काही बोलले नाही.

का बोलले नाही ते सांगते. माझ्या थोरल्या जावेला क्षय झाला होता. तिचंही असंच धापेने सुरू झालं, मग खोकला, मग छातीचा फोटो, आणि मग तिला दूर हवेच्या ठिकाणी ठेवली. तिचा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता, त्याला सासूबाईंनी बोटीने गावी नेला. दोन वर्षांनी जाऊ बरी होऊन आली, गावी गेली, तर पोरगा सासूबाईंच्या लुगड्यात तोंड लपवून म्हणाला, "ही बाई कोण?" जाऊ आता ठणठणीत आहे, पण पोरगा अजून तिला काकी म्हणतो. माझं लग्न नवीन होतं तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. मुलुंडला बैठ्या चाळीत एक खोली आणि पुढे पडवी. नवरा, सासूबाई, मी आणि ही मुलगी. नवरा कारखान्यात. भोंगा झाला की जायचा, भोंगा झाला की यायचा, मधल्या वेळात घरात राज्य सासूबाईंचं.

श्वासाचं मग रोजचंच झालं. पाणी भरताना, धुणं धुताना, कधी नुसतं बसल्या बसल्या. जितकी भीती वाटायची तितका अडकायचा, आणि अडकला की आणखी भीती. मुलीला पाजताना तर मी तोंड फिरवून श्वास घ्यायची. म्हटलं, खरंच तसलं काही असलं तर तिला लागायला नको.

आमच्या शेजारच्या खोलीत रिटायर झालेले एक मास्तर आणि त्यांची बायको राहायची. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो. दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत, आणि एका फळीला फट. मास्तर सकाळी आंघोळ करून पाटावर बसायचे आणि नाक धरायचे. आमच्यात ती रीत नाही, त्यामुळे मला मोठं नवल. फटीतून मला त्यांची पाठ दिसायची आणि एक कोपर. कोपर वर जायचं, बराच वेळ वरच राहायचं, मग खाली यायचं. सत्तरीचा माणूस, पण रोज टेकडी चढून यायचे आणि धाप म्हणून नाही. मी आपलं ठरवलं, जो नाक जास्त वेळ धरतो त्याची छाती मजबूत होते. चौथीपर्यंत शिकलेलं डोकं माझं, विचारायचं कोणाला?

घरात सासूबाईंचे डोळे, म्हणून मी नळावर करायची. पदर तोंडावर ओढायचा, नाक चिमटीत धरायचं, आणि तांब्या भरेपर्यंत सोडायचं नाही. मग घागर. तांब्याला जमलं, घागरीला डोळ्यांपुढे काजवे. वाटायचं, आपलीच छाती कमजोर, आणखी धरायला हवं. चारपाच दिवस असं केलं. सहाव्या दिवशी मी नळाखालीच कोसळले. घागरीला पोचा आला आणि माझ्या कपाळाला खोक.

बायकांनी घरी आणलं. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ओरडल्या नाहीत, तेच भयंकर वाटलं.

"तुझ्या जावेचा असाच सुरू झालेला," एवढंच म्हणाल्या, आणि मुलगी उचलून आपल्या मांडीवर घेतली. "चेडवाक आता अंगावर घेव नको."

त्याच दिवशी माझं ताट आणि पेला वेगळा झाला. माझी वळकटी पडवीत गेली. मुलीला बोंडल्याने गाईचं दूध. ती आत रडायची आणि इकडे माझी चोळी भिजायची. मोरीत बसून दूध पिळून टाकायची मी, पाण्याबरोबर ते वाहून जायचं, बघवायचं नाही. नवरा डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. फोटोचा नंबर आठ दिवसांनी होता.

"फोटो येऊ दे, मग बघू," तो म्हणाला.

"आणि वाईट आला तर?"

तो वहाणेचा अंगठा चाचपत बसला. "आई नेईल तिला गावी. तू बरी होईपर्यंत."

मी मनात म्हटलं, झालं. आता मलाही काकी म्हणणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू तांदूळ निवडायला पडवीत येऊन बसल्या. माझ्याजवळ कोणी बसत नव्हतं, त्या बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि फोटो काढायच्या आत छाती मजबूत व्हायला हवी म्हणून नाक धरलं होतं. काकूंनी पाहिलं आणि माझ्या हातावर फटका मारला.

"अगं, सोड! विहिरीत बुडतेयस का?"

"मास्तर धरतात ना…"

"तू कुठे पाहिलंस?"

मी फटीचं सांगितलं. नळाचं सांगितलं. घागरीचंही सांगितलं. काकूंच्या सुपातले तांदूळ सांडले, इतक्या हसल्या. "अगं बये, ते एका नाकपुडीने घेतात, दुसरीने सोडतात! त्यात सोडणंच जास्त. तुला पाठीमागून काय दिसणार? चाळीस वर्षं मीसुद्धा त्यांची पाठच बघतेय!" मग हसू थांबलं आणि त्यांनी माझ्या कपाळावरची खोक बघितली. "मला दमा आहे, माहीत आहे ना? माझ्या वडलांनी मला शिकवलंय, ते तुला सांगते. पण नाक धरायचं नाही. रोखायचं तर अजिबातच नाही. पाजती बाई तू."

त्यांनी मला भिंतीला टेकून बसवलं. एक हात पोटावर. शेगडीतली गार राख चिमूटभर आणली आणि माझ्या दुसऱ्या तळहातावर ठेवली. तो तळहात तोंडासमोर धरायचा. "श्वास घ्यायची खटपट नको करू, तो आपला येतो. तू फक्त सोड. ओठांतून, हळू. इतका हळू की राख हलता कामा नये. फुंकणी फुंकतेस तसं नाही हं."

मी सोडला. सगळी राख काकूंच्या चष्म्यावर.

"छान," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी चूल पेटवायला तुलाच बोलावते."

दुसऱ्यांदा थोडा जमला. पण अर्धा सोडून झाला की आतून असं काही उसळायचं, की मी घाईने परत ओढून घ्यायची. मला सांगताच येईना. शेवटी म्हटलं, "काकू, सगळा सोडला आणि परत आलाच नाही तर?"

"नाही आला तर मला हाक मार."

"श्वास नसला तर हाक कशी मारू?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे, आणि दोघींना हसू फुटलं. हसता हसता माझा सगळा श्वास बाहेर गेला, आणि मी बघत होते, तो परत आला. कोणी ओढला नाही, आपलाच आला. कितीतरी दिवसांनी पोटावरचा हात वर उचलला गेला.

मग मी दिवसातून तीनचारदा करायची. अडकायचं थांबलं म्हणणार नाही. अडकायचंच. पण आता अडकला की ओढायची नाही, सोडायची, आणि थोड्या वेळात गाठ सैल व्हायची. भीती मात्र तिथेच बसलेली. एकदा सासूबाईंनी हातातली राख पाहिली.

"ह्यां काय करतंस गो? चेडवार करणी करतंस काय?"

काकू पलीकडून ओरडल्या, "करणी नाही हो, छातीचा उपाय आहे! मी दिलाय!"

"तुमचे उपाय तुमच्या घरात ठेवा. आमच्यात नाक धरूची रीत नाय."

"नाक धरून काय झालं ते बघितलंच की आपण, म्हणून तर सोडायला शिकवतेय!"

संध्याकाळी सासूबाईंनी मला दाखवून मुलीच्या दुपट्यांचं गाठोडं बांधलं. पुढच्या आठवड्यात गावचं कोणी बोटीने जाणार होतं.

फोटोच्या खोलीत अंधार होता. थंडगार पाट्याला छाती लावून उभी केली. मागून माणूस म्हणाला, "श्वास घ्या… रोखा." मला घागर आठवली, वाटलं आता पडणार आणि फोटोही वाईट येणार. "सोडा," म्हणाला. मी सोडला, काकूंनी शिकवला तसा. माणूस म्हणाला, "बाई, झालं, चला." मी अजून सोडतच होते.

मग तीन दिवस. त्या तीन दिवसांचं मला काही आठवत नाही. जेवले की नाही तेही नाही.

डॉक्टर म्हणाले, छातीत काही नाही. अंगात रक्त कमी आहे आणि बाई घाबरट आहे. नवऱ्याने बाहेर येऊन मला तेच तीनदा सांगितलं, जसं काही मी आत नव्हतेच. घरी सासूबाईंनी फोटो दारातल्या उजेडात धरला.

"ह्यां सगळा काळा काळा काय दिसता?"

"आई, काळं म्हणजे चांगलं. पांढरं असलं तर वाईट."

"काळा चांगला कसा असात? माका फसवतंस?"

फोटोबरोबरचा कागद इंग्रजीत. घरात कोणालाच वाचता येईना. सासूबाई स्वतः उठल्या, डोक्यावर पदर घेऊन मास्तरांच्या दारात गेल्या. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, फुप्फुसं स्वच्छ आहेत. सुनेला अंडी द्या, गूळ-शेंगदाणे द्या. आणि मूल द्या."

त्या परत आल्या. मुलगी झोळीतून काढली, माझ्या मांडीवर ठेवली. "घे. पिता काय बघ आधी."

मी चोळी सोडली. मुलीने माझ्याकडे पाहिलं, तोंड लावलं, आणि मान फिरवली. परत लावलं, परत फिरवली. अकरा दिवस बोंडल्यातलं आयतं दूध, आता ओढायचं कोणी? दूधही पूर्वीसारखं उरलं नव्हतं. ती कमान करून किंचाळायला लागली आणि सासूबाईंकडे हात पसरले. मला जावेचा मुलगा दिसला, लुगड्यात तोंड लपवलेला. छातीवर पाटा आला. बोटं बधिर. सासूबाई समोर बसून बघत होत्या, गाठोडं अजून कोपऱ्यात होतं.

मी डोळे मिटले आणि सोडला. अर्ध्यावर नेहमीसारखं उसळलं, तरी सोडला. पुन्हा एकदा. मुलगी रडतच होती, मी तिला पोटाशी धरून सोडत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. तिचं रडणं हुंदक्यांवर आलं, तोंड शोधायला लागलं, लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. मग छातीत ती ओळखीची कळ उतरली आणि तिच्या घशाचा घुटक्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर ती सोडून देईल असं वाटत होतं.

"पिता मगो," सासूबाई म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "दुसऱ्या बाजूक पण घे तिका. एकाच बाजूक किती ओढात?"