मोकळ्या हातांची परीक्षा

"हात मोकळे करशीन तर या घरात पाय ठेवू नोको!"

भिंतीपलीकडून सत्यवतीचा आवाज आला आणि माझी भाकर तव्यावर पडायची ती चुलीत पडली. आमच्या मधली भिंत कुडाची. तिला कान लावावा लागत नसे. ऐकू येऊ नये म्हणूनच काही करावं लागलं असतं, आणि ते मी कशाला करू?

सत्यवती माझी शेजारीण. बळीराम तिचा एकुलता मुलगा, अन् गोपिका सून. नागपुरात इंदोऱ्याच्या आमच्या गल्लीत ही माणसं माझ्या डोळ्यांसमोर राहिली. कोराडीचं वीजघर नवं होतं तेव्हाची गोष्ट. बळीराम तिथे कोळसा उतरवायच्या कामावर होता. गोपिका हिंगण्याच्या रस्त्यावर, निराधार म्हाताऱ्यांच्या घरात आया होती.

"मी का हौसेनं काढून राहिलो काय, आत्याबाई?" गोपिका म्हणाली. "सिस्टर म्हनते, हातात काच चालत नाई. म्हाताऱ्या मानसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यावानी असते. बांगडी घासली का सोलली."

"मंग देऊ नोको परीक्षा."

"नाई देली तर काढून टाकतीन मले."

"टाकू दे! मीनं मिलमंदी एकडाव काढल्या होत्या बांगड्या. मुकादम म्हने, धाग्यात अटकतात. सांजेले तुह्या सासऱ्याले खाटेवर घालून आनलं. पाह्य माह्ये हात. पाह्य!"

 मी चुलीतली भाकर काढायची विसरले.

आम्ही सगळ्यांनी छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव उचलून नेले, पण भीती घरातच राहिली. तिला कोण उचलणार? बांगडीत काही नसतं हे सत्यवतीलाही कळत होतं, मलाही, अन् गोपिकेला तर आमच्यापेक्षा जास्त, कारण ती चौथी शिकलेली. पण ज्या बाईचा नवरा कोळशाखाली उभा असतो, तिचं कळणं वेगळं असतं.

आता ही परीक्षा कसली, ते सांगते. आधी त्या घरात कोणीही बाई ठेवायचे. हातपाय धड असले की झालं. त्या वर्षी तिथल्या कमिटीनं ठरवलं, की कामावर असलेल्या बायांनी काम करता करताच शिकायचं. सिस्टर चारुलताबाई शिकवणार. शेवटी डॉक्टर खाटेजवळ उभा राहून बघणार: माणूस अंथरुणात असताना चादर कशी बदलते, अंग कसं पुसते, घास कसा देते. पास झाली ती कायम. नापास झाली ती घरी.

मी एकदा विचारलं, "एवढं काय ठेवलं हाय वं तिथं? गू-मूतच ना?"

ती म्हणाली, "मावशी, माहेरी कुहीले होतो तं धानाच्या बांधीत सगळे मले 'गोविंदाची पोरगी' म्हनत. इथं आलो तं 'बळीरामची बायको'. तिथं म्हाताऱ्या मले 'गोपिका' म्हून हाक मारतात."



शिकायला तिला माणूस हवं होतं, म्हणून मी सापडले. दुपारी मला खाटेवर पाडायची, कुशीवर वळवायची, माझ्याखालची चादर गुंडाळत काढायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

"मावशी, हासू नका. तुमाले लकवा झाला हाय."

"तोंडाले कुठी झाला?"

"तोंडालेच व्हायले पायजे होता," ती म्हणायची अन् स्वतःच हसायची. पण हसता हसता मध्येच थांबायची. म्हणायची, लकव्याची बाजू मुकी असते. चादरीला सुरकुती पडली तरी माणसाला कळत नाही, अन् आठवड्यात तिथे जखम होते. म्हणून तळहात फिरवून बघायचं. एवढं सगळं तिला पाठ होतं. फक्त बांगड्यांचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती साबणाची वडी घेऊन माझ्या दारात आली. ओठ पांढरे.

"मावशी, काढून द्या. माह्या हातानं होत नाई."

बळीरामची रातपाळी होती. कोराडीची बस एव्हाना यायला हवी होती. आली नव्हती. आम्ही दोघींनी त्याचं नाव काढलं नाही. मी तिच्या हाताला साबण लावला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून सोडवल्या.  एक माझ्या बोटांतून निसटता निसटता राहिली, ते मी साबणावर ढकललं. हात मोकळे झाले, तशी तिनं ते पदराखाली लपवले.

काढलेल्या बांगड्या जमिनीवर ठेवू नयेत, डब्यात कोंडू नयेत, अंगावरच राहाव्यात, असं आमच्याकडच्या बाया मानायच्या. म्हणून तिनं त्या कमरेला, निऱ्यांजवळ खोचल्या. वरून पदर घट्ट आवळला.

"बस येईन ना, मावशी?"

"येईन वं. बस हाय, नवरदेव थोडीच हाय वेळेवर यायले."

ती हसली नाही. तिला बर्डीला जाऊन हिंगण्याची बस धरायची होती, म्हणून ती निघाली. दिवसभर मी दारात बसून कोराडीच्या रस्त्याकडे बघत राहिले. सत्यवती आपल्या दारात बसली होती. आम्ही एकमेकींकडे मात्र बघितलं नाही.

तिकडे काय झालं, ते गोपिकेनं मला पुढे कितीदा तरी सांगितलं.

खाटेवर सुभद्राआजी होती. डावी बाजू गेलेली, जीभ मात्र दोन माणसांची. एका बाजूला डॉक्टर मनोहरराव, एका बाजूला चारुलताबाई. गोपिकेनं हात धुतले, आजीला सांगितलं, "आजी, आता तुमाले वळवतो." आजी म्हणाली, "वळव बाई. अन् डॉक्टर, पोरीले लवकर पास करा, माह्यं पानी थंडं होऊन राहिलं."

गोपिकेनं आजीला आपल्या अंगाशी ओढून कुशीवर घेतलं. आजीचं सगळं वजन तिच्या पोटावर आलं, आणि कमरेत कट्ट झालं.

तिला कळलं. आपली बांगडी. डोळ्यांसमोर कोराडीचा कोळसा आला, खाट आली, सत्यवतीचे हात आले. आजीच्या पाठीवरचा हात तिथेच राहिला. 

"पुढे?" डॉक्टर म्हणाले.

पुढे आजीला पाठीवर आणायचं होतं, डाव्या अंगावरून. काचेचा तुकडा निऱ्यांतून घसरून चादरीवर गेला असेल तर? आजीला टोचलेलं कळणार नव्हतं. सांगावं तर परीक्षा गेली, काम गेलं. आणि बांगडी फुटली हे तोंडानं म्हणायचं म्हणजे नवऱ्याचंच वाईट बोलायचं. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"काय झालं वं?" आजीनं हळूच विचारलं. "थांबून काहून राहिली?"

"थांबा," गोपिका म्हणाली. "अंथरुनात काच गेली. फुटली बांगडी. आजीले उचला आधी."

तिघांनी मिळून आजीला उचलून बाजूच्या खाटेवर ठेवलं. गोपिका गुडघ्यावर बसली आणि चादरीवर तळहात फिरवत गेली. आजीचं डावं ढुंगण जिथे टेकलं असतं तिथेच सापडला, धानाच्या कुसळाएवढा तुकडा. तो तिच्या तळहातातच शिरला.

"बांगड्या कमरेला कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मानूस कोळशावर हाय जी."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. चारुलताबाईंना कळलं असावं. त्यांनी तिच्या हाताला कापूस लावला आणि म्हणाल्या, "काच घेऊन खाटेशी आलीस, म्हणून नापास. पण स्वतःहून सांगितलंस, म्हणून कामावर राहा. पुढच्या बायांबरोबर पुन्हा बस. पण त्या वेळी कमरेला काही दिसलं, तर मीच घालवीन तुला. जा, नवऱ्याला बघ."

ती गल्लीच्या तोंडाशी आली अन् तिथेच थांबली, कारण सत्यवतीच्या दारात माणसं जमली होती. बाया मोठमोठ्यानं बोलत होत्या. कोणीतरी रडल्यासारखं ओरडलं. गोपिकेचं पाऊल पुढे पडेना. मी माझ्या दारातून हात हलवून बोलावत होते, पण तिला तेही उलटंच वाटलं.

मग गर्दीतून नखशिखांत काळा एक माणूस बादली घेऊन बाहेर आला. "सरका ना वं बायांनो! नळ का तुमच्या बापाचा हाय? आधी मले आंग धुऊ द्या!"

सकाळपाळीची माणसं नेणारी बस रस्त्यात बंद पडली, म्हणून रातपाळीवाल्यांना तिथेच दुसरी पाळी करावी लागली होती. बळीराम कोळशाच्या ट्रकवर बसून आत्ता कुठे पोचला होता, आणि त्याच वेळी सत्यवतीच्या दारासमोरच्या, गल्लीच्या नळाला पाणी आलं होतं.

गोपिका रस्त्यावरच बसली.

"काय झालं वं?" बळीराम म्हणाला. "नापास झाली काय?"

"हो."

"मंग हासून काहून राहिली?"

ती उठली, त्याच्या हातातली बादली घेतली अन् नळाकडे गेली.

सत्यवतीनं तिचे मोकळे हात बघितले. मला वाटलं, आता पुन्हा भाकर जळणार. पण ती आत जाऊन ताटं वाढायला लागली. दुसऱ्या परीक्षेची सकाळ आली, तेव्हा साबण तिनंच आणला. बांगड्या सोडवल्या आणि आपल्या हाडकुळ्या हातात चढवल्या.

"आंगावर रायल्या म्हंजे झालं ना? कोनाच्या आंगावर, ते कोनी सांगतलं नाई. माह्या हाताले आता काय होनार हाय?"

विधवा बाई हिरव्या बांगड्या घालून दिवसभर दारात बसली. नळावरच्या सिंधूताईनं विचारलंच, "सत्यवतीबाई, पाट लावला काय वं?"

"तुह्याच नवऱ्यासंगं. घरी जाऊन इचार त्याले!"

त्या दिवशीही सत्यवतीची नजर कोराडीच्या रस्त्यावरून हलली नाही, मी बघितलं. गोपिका पास झाली. पुढे रोज कामावर जाताना बांगड्या सासूच्या हातात जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. सत्यवती गेल्यावर गोपिकेनं काचेच्या बांगड्या घातल्याच नाहीत. बळीराम कोराडीहून धडधाकट रिटायर झाला. सुभद्राआजी गोपिकेच्या हातचं पाणी पिऊन गेली. नव्या बायांना चादर बदलायला गोपिकाच शिकवू लागली.

ती स्वतः गेली एका हिवाळ्यात, छातीत कळ येऊन, कोणाला काही करायला न लावता. त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली होती. जुनं लुगडं हवं होतं. नवं कापड म्हाताऱ्यांना रुततं, म्हणून गल्लीतून जुनी लुगडी मागून न्यायची तिची रीतच होती.

मी एक काढून दिलं. तिनं ते उन्हात झटकलं, खाटेवर पसरलं, काठापासून काठापर्यंत तळहात फिरवला. पदराला एक टाचणी राहिली होती, ती काढून माझ्या हातात दिली.

"मावशी, डोळे तपासून घ्या वं," म्हणाली. लुगड्याची घडी काखेत मारली आणि बर्डीची बस धरायला गेली.