फौजदारांचं नाक

प्रत्येक शिंपली ओट्याच्या कडेवर दोनदा ठोकायची, कान जवळ नेऊन. वाईनच्या बाटलीवर पेन्सिलने खूण करायची. पातेल्याचं झाकण दुसऱ्या कुणाला उघडू द्यायचं नाही. स्वतः उघडलं की मला हाक. "पुस्तकबाई, वास सांगा."

साहित्याची पदवी घेऊन मी त्या हॉटेलात ताटल्या पोचवत होते. ते तिथले आचारी, हे सगळे नियम त्यांचे. शिंपल्यांचीही उलटतपासणी घेत, म्हणून सगळे त्यांना फौजदार म्हणायचे. "एक मेलेली आत गेली तर अख्खं टेबल आडवं होईल," ते बजावत. ठोकूनही मिटत नसेल ती फेका. शिजूनही उघडत नसेल तीही फेका. लसूण, लोणी, पेलाभर पांढरी वाईन, चार मिनिटं वाफ. लोक जेवणाआधी तीच वाईन घेत त्या खायचे. हॉटेल त्यावरच चालायचं.

माझी परीक्षा घेतात, असं मला वाटे. मी म्हणे, "भिजलेल्या दगडासारखा येतोय."

"दगड तुमच्या कवितेत ठेवा. खराब नाही ना?"

गेल्या आठवड्यात त्यांनी मालकीणबाईंसमोर बाटली आपटली. "वाईनीत पाणी आहे. वासच नाही तिला. आणि बाटली आणते ही."

"काका, तुमची खूण जागच्या जागी आहे."

"तेच तर! प्यायची आणि तेवढंच पाणी भरायचं. मी काय काल जन्मलो?"

मालकीणबाईंनी बाटली हुंगली. मग म्हणाल्या, "दोघांपैकी एकाला आज घरी जावं लागेल." त्या आत गेल्या, दोन पेले भरून आल्या. "चाखायचं नाही. वासावरून सांगा."

फौजदारांनी दोन्ही पेले बराच वेळ हुंगले. "दोन्ही पाणचट."

बाईंनी उजवा पेला माझ्या नाकाशी धरला. व्हिनेगर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"परवा लसूण करपला," बाई हळू म्हणाल्या. "मला गल्ल्यावर कळलं. तुम्हाला शेगडीपाशी नाही. कधीपासून?"

"तापातून उठलो तेव्हापासून. चार महिने."

ते माझ्याकडे वळले. "चार महिने तुमच्या नाकावर काढले. आणि चोर तुम्हालाच ठरवलं."

मी म्हणाले, "पण काका, कान आहे की तुमचा."

"मेलेली पोकळ वाजते, ते कान सांगतो. नासायला लागलेली नाकच सांगतं."

त्यांनी ॲप्रन काढला, घडी घातली, मागच्या दाराने गेले. मी थांबवायला हवं होतं. उभीच राहिले.

ओट्यावर डावीकडे ठोकून निवडलेल्या शिंपल्यांचा ढीग होता. उजवीकडे वीसेक ठोकायच्या बाकी. मधोमध एकच. ती त्यांनी ठोकली होती, मी ऐकलं होतं. ती ठेवायची की फेकायची, ते सांगायचं राहिलं.