वाळूचा चौथा वाटा

चिंचणीत आमच्या घरी मासळी सुकवायची आणि विकायची, एवढंच मला येत होतं. पुढे बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका शेडमध्ये कामाला लागले, तेव्हा आळीने थट्टा केली. "वालू सुकवायला पगार देतात? मंग आपला अख्खा किनारा लाव की कामाला!" मीही हसले. पण काम खरंच तेच होतं. लांबच्या किनाऱ्यावरून काळसर वाळू यायची. तिच्यातले जड दाणे वेगळे काढायचे आणि त्यांतून फार उष्णता सोसणारा नवा माल बनवायचा, असं देशातल्या चार प्रयोगशाळांनी मिळून काम काढलं होतं. एकाच वाळूचे चार भाग चौघांकडे जायचे आणि चौघांचे आकडे जुळले तर गाडी पुढे.

भाग पाडायच्या त्या आमच्या बाई. तिशीच्या आतल्या, शिकलेल्या. मला मावशी म्हणायच्या, मी आणलेली सुकट डब्यात घालून न्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "मावशी, एखादा भाग थोडा कमी-जास्त झाला तर चालेल. पण हाताने भर घालायची नाही."

"आमी तर गिऱ्हाइकाला वरून चार बोंबील जास्तच देतो."

"हे गिऱ्हाईक नाहीत हो, शास्त्रज्ञ आहेत!"

तर एके दुपारी बाईंनी वाळू वाटायच्या खाचांच्या पेटीतून ओतून चार भाग पाडले आणि फोन आला म्हणून त्या ऑफिसात गेल्या. मी पिशव्या बांधायला बसले. चौथी पिशवी जरा रिती वाटली. आता काय सांगू, जन्मभर वाटे घातलेला हात. एक वाटा बारका दिसला की दुसरीकडची मूठ तिकडे जातेच, नाहीतर गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं, "मावशी, डोळे बांधून वाटे घातले काय?" शेजारच्या घमेल्यात आदल्या दिवशी धुतलेली वाळू होती, जड दाणे काढून घेतलेली, फिकट. त्यातल्या दोन ओंजळी मी चौथ्या पिशवीत घातल्या, हलवून घेतलं, तोंड शिवलं. कुणाला कमी पडू नये, एवढंच मनात. बाईंचं बोलणं तेव्हा आठवलंच नाही असं म्हणते मी, पण आठवलं होतं. वाटलं, दोन ओंजळींनी काय होतंय.

महिन्याने आकडे आले. तिघांचे जुळले, चौथ्याचा घसरला. मुंबईहून मोठे साहेब आले. मी चहा घेऊन गेले तर ते बाईंना म्हणत होते, "भाग नीट पाडता येत नाहीत, तर पुढचं काम कशाच्या भरवशावर करायचं?" बाई वहीतली त्या दिवसाची पानं पुन्हा चाळत होत्या.

ते गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "मावशी, पिशव्या बांधताना काही झालं का?"

"नाय ओ बाई. काय बी नाय."

असं पटकन निघालं तोंडातून. काम गेलं असतं, परत डोक्यावर टोपली आली असती, ही भीती खरी होती. पण त्या मला काढणाऱ्यांतल्या नव्हत्या, हेही मला ठाऊक होतं.

नवी वाळू मागवून सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं, आणि बाईंना त्या कामावरून काढून दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवलं. निघताना त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल हो. त्या आठवड्यात झोप नव्हती झाली." माझी चूक त्या स्वतःच्या हाताची समजत होत्या. तेव्हाही मी म्हटलं काय, तर "पोचल्यावर पत्र टाका."

त्यांनी टाकलं. नंतरही टाकत राहिल्या, पोरं मला वाचून दाखवायची. मी पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवत होते, वाचता-लिहिता येईतो तीन वर्षं गेली. मग कुणाच्या हातून न लिहवता, स्वतःच्या वाकड्या अक्षरांत सगळं लिहिलं. घमेलं, दोन ओंजळी, खोटं बोलले तेही.

उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, मावशी, कळलं ते बरं झालं. मी ती नोकरी सोडून आता शाळेत शिकवते, हाताचा भरवसा वाटेना म्हणून सोडली. बस, एवढंच. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर मला क्षमा तरी मागता आली असती. पुढे मी दोनदा कागद घेऊन बसले. वर "बाई" लिहिलं, आणि त्याखाली काही सुचलं नाही.