शेठजींच्या खोलीतला समुद्र

धुतलेल्या बाटल्या ओट्यावर साठत जातात ना, तसे आमच्या प्रयोगशाळेचे किस्से साठलेत. आज दोन-चार खाली उतरवते.

जळगावात कुठला समुद्र! पण सत्तरच्या आसपास आमचे सर इथे बसून समुद्रातून नवं औषध शोधत होते. मी मॅट्रिक पास. काम बाटल्या-बशा धुण्याचं, लेबलं लावण्याचं. खोली शेठजींची. ते जैन, गावातले जुने व्यापारी. अट एकच. "खोलीत प्राणी आणायचा नाही. आणलात तर त्याच दिवशी कुलूप!"

"फक्त शेवाळ येईल," सर म्हणाले. तेव्हा खरंच शेवाळच येत होतं.

*

शेवाळाचं पहिलं पिंप रेल्वेतून जळगावला उतरायचं राहिलं आणि थेट भुसावळला गेलं! आम्ही पोचलो तर हवालदार झाकण उघडून वास घेतोय. शेवाळ स्पिरिटमध्ये बुडवलेलं, आणि दिवस दारूबंदीचे.

"हाई तं बठ्ठी दारू शे!"

सरांनी परवाना दाखवला. "तरी हात घालून खात्री करा."

त्यानं हात घातला. बाहेर काढला तर बोटांना लांबलचक, बुळबुळीत काहीतरी गुंडाळलेलं! तो दोन पावलं मागे उडाला.

"तुमनी दारू तुमलेच ऱ्हाऊ द्या!"

*

सर काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यावर शेवाळाचा अर्क टाकायचे. जंतू मेले तर औषधाची आशा. एका सकाळी सर ओरडले, "सगळे मेले!" लगेच पेढे आले.

मी म्हटलं, "मरणारच, सर. बशा मी चार वेळा फिनेलनं धुतल्या होत्या."

सर पेढा हातात धरून तसेच उभे!

*

पुढे स्पंज येऊ लागले. मऊ, भोकाभोकांचे. सहा महिने मी ते पिळून काढले, संकष्टीच्या उपासालासुद्धा! एकदा सहज विचारलं, "सर, हे कुठल्या झाडाचं?"

"झाडाचं? बाई, हा प्राणी आहे!"

माझ्या हातातली परात खाली.

"शेठजींना सांगितलंत?"

सर हळूच म्हणाले, "धीर होत नाही. याचा अर्क खरंच जंतू मारतोय, बाई. आत्ता खोली गेली तर सगळं गेलं."

आणि या वेळी बशा मी नुसत्या उकळल्या होत्या!

*

मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी मीच पेढीवर गेले. शेठजी पाकिटांना तिकिटं लावत होते. ते तिकिटाला जीभ कधी लावत नसत. डिंकात कशाची चरबी असेल, कोण जाणे! समोरच्या काचेच्या वाटीत ओला स्पंज, त्यावर तिकीट टेकवायचं.

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या.

"चला. कुलूप लावतो."

माझी नजर वाटीवर. "शेठजी, हा... रबराचा आहे ना?"

"रबराचा कशाला? आजोबांनी मुंबईहून आणलेला. अस्सल समुद्रा..."

शेठजींनी आपल्या ओल्या बोटांकडे पाहिलं. मग फूटपट्टीनं वाटी हळूहळू माझ्याकडे सरकवली आणि किल्ल्या परत खिळ्याला अडकवल्या.

"बाई, हाही तुमच्याच खोलीत ठेवा. आणि आमच्या आईला कळता कामा नये!"