टोपी बदलणारा ताप आणि आमचे उंदीर

उंदरांची एक जोडी पिंजऱ्यात ठेवा आणि विसरून जा. पुन्हा झाकण काढाल तेव्हा आत अख्खं गाव वसलेलं असतं. किस्स्यांचंही तसंच. मी डोक्यात दोनच ठेवले होते, आता जागा उरली नाही, म्हणून लिहितोय. शिक्षण चौथी. चुकलं तर मनातल्या मनात सुधारा, मला सांगायला येऊ नका!

गोष्ट नव्वदच्या पुढची. जळगावात मेहरूणच्या बाजूला एक लहानशी लॅब होती. तिथं वानखेडे मॅडम फ्लूची लस शोधत होत्या. प्रमोद त्यांचा टेक्निशियन, मूळ धुळ्याचा. आणि उंदीर सांभाळायला मी. मला सगळे आबा म्हणायचे, मॅडमसुद्धा. खर्च दिल्लीची एक कमिटी द्यायची, आणि कमिटीनं बजावून ठेवलं होतं: हिवाळ्यात बघायला येऊ. लस दिलेले उंदीर जगले तर काम पुढे चालेल. मेले तर लॅबला कुलूप, आणि मॅडम परत कॉलेजात पोरांना बेडूक शिकवायला!

*

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "आबा, उंदरांची भीती नाही ना वाटत?"

म्हटलं, "शेतातला माणूस मी. आजवर किती मारले त्याची गणती नाही."

"इथं मारायचे नाहीत हो. पाळायचे. वेळेवर खाणं, स्वच्छ पाणी, कोरडा भुसा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वरसुद्धा केली नाही.

"मग आपल्या घरातले पण घेऊन जा. त्यांचं तरी सगळं वेळेवर होईल!"

*

मला न कळलेली गोष्ट पचत नाही. एकदा मॅडमना धरलं. "फ्लूची लस दरवर्षी नवी कशाला लागते? देवीची नाही लागली ती!"

मॅडम म्हणाल्या, "आबा, हा व्हायरस टोपी बदलतो. आपलं शरीर त्याला टोपीवरून ओळखतं. गेल्या वर्षी पांढरी होती, यंदा काळी घालून आला, की आपण त्याला पाहुणा समजून आत घेतो. नेहमीची लस टोपी ओळखायला शिकवते. आपण त्याच्या आतलं प्रोटीन घेतलंय. ते तो सहसा बदलत नाही. फार बदललं तर तो स्वतःच जगणार नाही."

"म्हणजे टोपी सोडा, पोट धरा!"

"अगदी तसंच."

"मग हा पुढाऱ्यासारखाच झाला की! टोपी कुठल्याही पक्षाची असो, आत पोट तेच."

मॅडमना हे इतकं आवडलं, की एका कार्यक्रमात त्यांनी भाषणातच सांगून टाकलं. लोक हसून लोटपोट. फक्त स्टेजवरचे प्रमुख पाहुणे हसेनात. मी प्रमोदला म्हटलं, "यांना समजलं नाही वाटतं."

प्रमोद म्हणाला, "समजलं ना आबा. मागच्याच आठवड्यात बदलली त्यांनी!"

*

हा व्हायरस वाढवायला कोंबडीची अंडी लागतात. मला वाटलं मॅडम थट्टा करताहेत. पण खरंच लागतात. आत पिलू वाढायला लागलं, की व्हायरस तिथं सोडायचा.

पहिल्या खेपेला प्रमोदनं कोपऱ्यावरच्या दुकानातून ट्रे आणला आणि ठेवला इन्क्युबेटरमध्ये. आठवडा गेला. मॅडमनी अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यापुढं धरलं. आत नुसता पिवळा बलक. हलत नाही, डुलत नाही.

"प्रमोद, या अंड्यांना बाप आहे का?"

प्रमोदची मान खाली. "मॅडम, दुकानदाराला असं कसं विचारायचं?"

*

मग कोंबडे ठेवणारा एक पोल्ट्रीवाला धुळ्याला सापडला. तिथून प्रमोद एसटीनं अंडी आणायचा. तेव्हाचा धुळे-जळगाव रस्ता विचारू नका. खड्डे होते, त्यांत मधेमधे रस्ता होता! अंडी हादरू नयेत म्हणून हा ट्रे मांडीवर घेऊन बसायचा, लेकराला घेतल्यासारखा.

एकदा पारोळ्याला एक मावशी चढली. "भाऊ, ते खाले ठेव ना. माले बसू दे."

"नही माय, जित्ता शेतस त्या!"

एवढं कंडक्टरनं ऐकलं. "जिवंत आहेत? मग कोंबड्यांचं तिकीट काढा."

"अहो मास्तर, अजून जन्मल्या नाहीत!"

"जिवंत आहेत म्हणालात ना?"

प्रमोदही हटणारा नव्हता. "पोटुशी बाई बसली तर दोन तिकिटं लावता का?"

कंडक्टरनं कानावरची पेन्सिल काढली, जरा विचार केला आणि म्हणाला, "नाही लावत. पण इथं आई कुठंय?"

*

धुळ्याची अंडी दिव्यापुढं धरली आणि मी डोळा लावूनच बसलो. आत लाल शिरांचं बारीक जाळं, आणि मध्ये एक ठिपका धडधडत होता. जन्मभर अंडी खाल्ली, आत कधी डोकावलो नव्हतो. मॅडमना ओरडावं लागलं, "आबा, दुसऱ्यांनाही बघू द्या!"

पण मे महिना उजाडला. अंड्यांना पाहिजे सदतीस डिग्री, आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. त्यात लाईट गेली. आम्ही खोलीभर केळीची ओली पानं अंथरली, खिडक्यांना ओलं गोणपाट बांधलं, आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. तेवढ्यात पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांचा फोन.

"लाईट जाते म्हणे तुमच्याकडे? अंडी गार पडू देऊ नका हं. घोंगडीत गुंडाळून ठेवा."

मॅडम म्हणाल्या, "सर, इथं लाईट गेली की अंडी गार पडत नाहीत, उकडतात!"

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जळगावातूनच बोलताय ना?"

वारा घालता घालता प्रमोद ओरडला, "सांगा मॅडम, कढईतून बोलतोय म्हणून!"

*

पिंप्राळ्यात माझ्या शेजारी गंगूअक्का राहायची. वर्षातून दोनदा तापानं पडायची. लसीचं कानावर आलं तशी काठी टेकत लॅबवर हजर.

"उंदीरसले लस देतस, मग माले काबर नही? मी काय उंदीरपेक्षा कमी शे का?"

मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. "अक्का, आधी या उंदरांना फ्लू देऊन बघायचाय. ते जगले, दिल्लीच्या साहेबांना पटलं, तर मग पुढं कधीतरी माणसांना."

अक्कानं बशीतला चहा संपवला. तोंड पुसलं.

"तवपर्यंत मीच जगसू का नही, कोनले माहीत! तू अशी कर. आज माले टोच, आनि उंदीरसले सांग, अक्का जगनी तर तुमना नंबर!"

*

हिवाळ्यात कमिटी आली. तिघं जण, त्यात मोठे साहेब दिल्लीचे. आम्ही उंदरांचे दोन भाग केले होते. भिंतीकडचे बिनलसीचे, खिडकीकडचे लसवाले. काही दिवसांपूर्वी सगळ्यांनाच फ्लू दिला होता, तोही लस ज्यापासून केली त्यापेक्षा निराळा. साहेबांनी बघितलं, तर दोन्हीकडचे उंदीर अंग फुगवून कोपऱ्यात बसलेले.

"लस दी, फिर भी बीमार?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आजारी पडणार नाहीत असं मी म्हटलंच नव्हतं. मरणार नाहीत, असं म्हटलंय."

"कल सुबह देखेंगे. दोपहर को भुसावळ से गाड़ी है."

संध्याकाळी पाहुण्यांसाठी भरीत केलं होतं. साहेबांनी तीनदा मागून घेतलं. मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

सकाळी भिंतीकडचे पिंजरे उघडले. बहुतेक सगळे आडवे. मग साहेब खिडकीकडं वळले. पहिल्या पिंजऱ्यात सगळे एकमेकांना चिकटून बसलेले, केस ताठ, डोळे मिटलेले, हालचाल नाही. साहेबांनी चष्मा सावरून बघितलं.

"ये भी गए," म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं.

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

माझं डोकं फिरलं. हात न लावताच गेले म्हणतो? इथं रोज भुसा कोण बदलतं? मी हातमोजा चढवला, झाकण काढलं आणि त्या ढिगात हात घातला.

असा कडकडून चावला म्हणता! हातमोजा फाडून आरपार! माझ्या तोंडून अस्सल खानदेशी शिवी सुटली, तीही दिल्लीच्या साहेबांसमोर. प्रमोदनं डोळेच मिटून घेतले.

मॅडम गर्रकन वळल्या. "आबा, चावला?"

"चावला म्हणजे? रक्त काढलं त्यानं!"

"जोरात?"

"बोट तुटायचं राहिलं!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता पट्टी आणतील, आयोडिन लावतील. त्या म्हणाल्या, "आबा, शेजारच्या पिंजऱ्यात हात घाला बरं."

घातला. तिथंही चावला! पुन्हा शिवी, पहिलीपेक्षा मोठी.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं, खुर्ची पुढं ओढली, आणि अगदी जवळ वाकून म्हणाले,

"आबाजी, अब वो तीसरा वाला."